पद्मिनीचा उजवा कोपरा

१ मे २०२५, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून पार्किंग बरंचसं रिकामं मिळालं. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला पेव्हर ब्लॉकचा एक पट्टा आहे. तिथे बादलीभर पाणी ओतलं तर ते कुठल्याच बाजूला पळत नाही, इतका तो सपाट आहे. पद्मिनी तिथे उभी केली, चारही टायरांतली हवा नेमकी केली, डिकी रिकामी केली आणि मोजपट्टी घेऊन बसले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर असं भरलं:

पुढचं डावं ३५१ मिमी, पुढचं उजवं ३४२.
मागचं डावं ३४०, मागचं उजवं ३१८.

मागे डाव्या-उजव्यात २२ मिलिमीटरचा फरक. गाडी बहुतेक वेळा एकटीच चालवते आणि बसते उजवीकडे, त्यामुळे ती बाजू थोडी बसलेली असणार हे धरूनच चालले होते. पण एवढा फरक माझ्या वजनाने पडणार नाही. काहीतरी तुटलंय किंवा कुणीतरी काहीतरी केलंय.

गाडी १९८६ ची, मामाने घेतलेली. मामा कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होता. फियाट ११०० डिलाइट १९६४ मध्ये तिथे सुरू झाली, तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. मामाने आपल्या हाताखालून गेलेल्या गाड्यांपैकीच एक घेतली, वीसेक वर्षं वापरली, मग विकली. मधे ती दोन हातांतून गेली आणि सहा वर्षांपूर्वी मी ती शोधून परत आणली. इंजिन छान आहे, गिअर लोण्यासारखे पडतात. तक्रार एकच, आणि तीही मामाची. तो ८१ वर्षांचा आहे, कंबर नाजूक, म्हणून पाठीला उशी लावून मागच्या सीटवर बसतो. गेल्या महिन्यात त्याला दादरला डॉक्टरांकडे नेलं. घरी आल्यावर म्हणाला, "अगं, खड्डे मुंबईत असणारच. पण तू मला एकाच खड्ड्यात तीनदा घालतेस."

त्या वाक्यासाठी ही वही सुरू केली आहे.

४ मे, रविवार

आज काही उघडलं नाही, फक्त तपासलं.

मागचा बंपर दोन्ही हातांनी दाबून सोडला. शॉकअप चांगला असेल तर गाडी वर येते, किंचित खाली जाते आणि थांबते. आमची साडेतीन वेळा डोलली. ही चाचणी सगळेच करतात, पण तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही. मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, असलेल्या गाडीत ते पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेही डोलणं कमी होतं. गंजलेले पाटे मेलेल्या शॉकअपला झाकून टाकतात.

म्हणून मामाने सांगितलेली दुसरी तपासणी केली. ऐरोली पुलापर्यंत आणि परत अशी गाडी फिरवून आणली, मुद्दाम खडबडीत बाजूने. परत येताच गाडीखाली हात घालून चारही शॉकअपना स्पर्श केला. शॉकअपचं काम म्हणजे चाकाची उसळी तेलात जिरवणं. आतला दट्ट्या तेलाला बारीक भोकांतून रेटतो आणि उसळीतली ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. काम करणारा शॉकअप गरम झालाच पाहिजे. पुढचे दोन्ही कोमट होते. मागचा डावा जेमतेम कोमट. मागचा उजवा सावलीतल्या लोखंडासारखा गार, आणि बोटांना तेलात कालवलेली धूळ लागली. त्याचं सील गेलं आहे. किती दिवसांपूर्वी, देव जाणे.

घरी बरेच जण विचारतात, म्हणून इथे लिहून ठेवते. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप झोका थांबवतो. पाळण्याच्या कड्या आणि दोऱ्या मजबूत असल्या तरी झोका दिल्यावर तो हलतच राहतो; हात लावून थांबवणारं कुणी लागतं. गाडी खाली बसली असेल तर दोष स्प्रिंगचा, डोलत राहत असेल तर शॉकअपचा. आमच्याकडे दोन्ही आहेत, आणि दोन्ही एकाच कोपऱ्यात.

१० मे, शनिवार

ऑपेरा हाउस, सुट्या भागांची दुकानं. टॅक्स्या होत्या तोवर पद्मिनीचं सामान काउंटरवर मागितलं की समोर यायचं. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. आता दुकानदार आधी चेहरा बघतो, मग पोऱ्याला माळ्यावर चढवतो.

शॉकअप चार मिळाले, एकाच बनावटीचे, खोक्यात बंद. काउंटरवरच प्रत्येक उभा धरून दाबून-ओढून पाहिला. दाबताना हलका आणि ओढताना जड, असंच असायला हवं. खड्ड्यात चाक वर पटकन जाऊ द्यायचं, पण दबलेल्या स्प्रिंगला गाडी उसळू द्यायची नाही. एक नग ओढताना मधेच सैल पडत होता. तो बदलून घेतला.

पुढच्या कॉइल स्प्रिंगवरून मात्र बराच वेळ गेला. दुकानदाराने काढून दिलेली जोडी दिसायला अगदी आमच्यासारखी, उंची तीच, वेढेही तेवढेच. जाडी मोजायचा व्हर्निअर लावला तर तार अर्धा मिलिमीटर जाड. दुकानदार म्हणाला, "ताई, जाड म्हणजे मजबूत, चांगलंच की." तसं नसतं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. समजा तार १२ मिलिमीटरची आहे आणि ती साडेबारा झाली, तर कडकपणा अर्ध्या मिलिमीटरने नाही, जवळपास १८ टक्क्यांनी वाढतो. ती जोडी बसवली असती तर गाडी उंच दिसली असती आणि मामाच्या कंबरेला प्रत्येक पेव्हर ब्लॉक मोजता आला असता. तीन दुकानं पालथी घातल्यावर चौथ्यात बरोबर जाडीची जोडी मिळाली. एका स्प्रिंगवर गंजाची हलकी पुटं होती, पण घासून पाहिल्यावर खाली खड्डा नव्हता. घेतली.

पाट्यांच्या टोकांतले रबर बुश, पाट्याचं मागचं टोक बॉडीला टांगणाऱ्या शॅकलच्या पिना, पाटे ॲक्सलला (मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याला) आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे आठही नट नवे घेतले. जुने नट वापरून पैसे वाचवायची ही जागा नाही.

१७ मे, शनिवार

मागचं उघडलं. मदतीला धाकटा भाचा. आठवडाभर रोज संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारत होते, त्याचं आज सार्थक झालं. आठपैकी सात यू-बोल्ट नट पान्याने सुटले, आठवा छिन्नीने फोडावा लागला.

पद्धत थोडक्यात: गाडीची बॉडी पाट्याच्या पुढच्या टोकाशेजारी दोन्हीकडे स्टँडवर. काढलेली चाकं बॉडीखाली आडवी सरकवून ठेवली, स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर बसेल. गाडीखाली कुणाचाही हात जायच्या आधी हे करायचं, भाच्यालाही तेच पहिल्यांदा शिकवलं. मग मागच्या ॲक्सलखाली जॅक. शॉकअपचा खालचा बोल्ट, यू-बोल्ट, खालची प्लेट, आणि मग ॲक्सल हळूहळू खाली. ब्रेकच्या रबरी नळीवर नजर हवी. ॲक्सल तिच्या आधाराने लोंबकळली तर नळी बाहेरून चांगली दिसते आणि आतून फाटते. मी ॲक्सल दोन जाड दोरांनी बॉडीला बांधून टाकली.

शॅकलच्या जुन्या पिना निघेनात. उजवीकडची वरची पीन बुशसकट एकजीव झाली होती. करवतीने कापली. दुपारी दीड ते साडेतीन, दोन तास एका पिनेवर. उन्हात पत्रा इतका तापला होता की कोपर टेकवता येत नव्हतं.

पाट्यांचे दोन्ही गठ्ठे जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवले आणि कोडं सुटलं.

डावीकडच्या गठ्ठ्यात उजवीपेक्षा एक पाटा जास्त आहे. तो बाकीच्यांच्या जातीचा नाही. त्याची टोकं गॅसने कापलेली, कडेला वितळलेल्या लोखंडाचे मणी तसेच. इतर पाट्यांची टोकं गोलसर घासलेली आहेत. मधल्या कुणा मालकाच्या काळात डावी बाजू बसली असणार, तेव्हा त्या एकाच बाजूला जादा पाटा घालून गाडी उचलली. उजवीकडे कुणी पाहिलंच नाही.

उजवीकडचा गठ्ठा सोडवला. पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढल्यावर वरून दुसरा पाटा दोन तुकड्यांत हातात आला. तुटला होता बोल्टच्या भोकातून, जिथे भोकामुळे लोखंड कमी असतं आणि गाडीचा सगळा भार येतो. तुटलेल्या तोंडाकडे मी बराच वेळ पाहत राहिले. एका बाजूला काळपट तपकिरी गंज, शिंपल्यासारख्या वळ्यावळ्यांचा. दुसऱ्या बाजूला करड्या साखरेच्या दाण्यांसारखं चकचकीत लोखंड, त्यावर गंजाचा नुसता फिकट थर. तपकिरी भाग म्हणजे वर्षानुवर्षं थोडी-थोडी पुढे सरकलेली चीर. चकचकीत भाग म्हणजे उरलेलं लोखंड एका दिवशी, एका खड्ड्यात गेलं. बहुधा याच वर्षी. मामाला घेऊन मी दादरला गेले तेव्हा तो तसाच होता का, हा विचार डोक्यातून जात नाही.

२४ मे, शनिवार

मुलुंडजवळ एकाने पाटे गॅसच्या ज्योतीने मधोमध लाल करून, ठोकून तासाभरात "कमान चढवून" देतो म्हणाला. नको म्हटलं. स्प्रिंगचं पोलाद असं एका ठिकाणी तापवलं की तिथला पाण्याचा पक्केपणा उतरतो. पाटा आठ दिवसांत परत बसतो, नाहीतर तापलेल्या आणि न तापलेल्या भागांच्या सीमेवर तुटतो.

वडाळ्याला ट्रक टर्मिनलच्या बाजूला भट्टी असलेला माणूस सापडला. तिथे ट्रकचे पाटे येतात. आमचे पाटे पाहून कामगार म्हणाला, "हे तर बाळाचे." पण काम नीट. पूर्ण पाटा भट्टीत ९०० अंशांच्या आसपास तापवतात, साच्यावर वळवतात, लगेच तेलाच्या टाकीत बुडवतात आणि मग पुन्हा कमी आचेवर तापवून ठिसूळपणा घालवतात. ही शेवटची पायरी करता का, हे मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने मला दुसऱ्या भट्टीसमोर नेऊन उभं केलं. तुटलेल्या पाट्याच्या जागी तेवढ्याच रुंदी-जाडीचा नवा कापून घ्यायचा. डावीकडचा जादा पाटा काढून टाकायचा. दोन्ही बाजू सारख्या, एका वेळी, एका भट्टीतून.

दोन टोकांना दोरी ताणून मधल्या कमानीची खोली देण्याआधी मोजली होती: उजवी ९६ मिमी, डावी ११७. दोन्हीकडे १२४ पर्यंत आणायला सांगितलं. गुरुवारी मिळणार.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत पोचला. एरवी ११ जूनच्या सुमारास येतो, यंदा सोळा दिवस आधी. मी गृहीत धरलं होतं की माझ्याकडे दोन आठवडे आहेत.

ऑफिसात होते. वॉचमनकाकांचा फोन आला, "मॅडम, तुमची गाडी एका बाजूला झुकल्यासारखी दिसते." लोकलचा खोळंबा, घरी पोचायला पावणेतीन तास. पावसाने पेव्हर ब्लॉकखालची वाळू वाहून गेली होती आणि उजवा स्टँड बोटभर खचला होता. गाडी खाली ठेवलेल्या चाकाला टेकायला दोन इंच उरले होते. वॉचमनकाका, मी आणि दुसऱ्या मजल्यावरचे दोघे जण, चौघांनी मिळून जॅक लावला, स्टँडखाली जाड फळी सरकवली, ताडपत्री बांधली. कुणालाही काही झालं नाही. पण फळ्या पहिल्या दिवशीच घालायला हव्या होत्या. पुढच्या वेळी स्टँड थेट ब्लॉकवर नाही.

३१ मे आणि १ जून

पाटे आले. उजवी १२४, डावी १२३. तारेच्या ब्रशने साफ केले, रंग लावून वाळवले, पाट्यांच्या मधे ग्रॅफाइट ग्रीस. पावसाच्या उघडिपीत शनिवारी बसवले.

सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात नीट बसलं की नाही हे बोटाने चाचपून पाहिलं. तेच ॲक्सलला जागेवर धरतं. ते भोकाबाहेर राहिलं तर ॲक्सल तिरकी बसते आणि गाडी खेकड्यासारखी चालते. नवे शॉकअप बसवण्याआधी उभे धरून सहा-सात वेळा पूर्ण दाबून-ओढून घेतले, दुकानात आडवे पडून आत शिरलेली हवा दट्ट्याखालून निघून जावी म्हणून.

रविवारी सकाळी चाकं लावून गाडी खाली उतरवली आणि मोजली. मागचं उजवं ३६१, डावं ३६०. सारखी आहे म्हणून आनंद झाला, आणि लगेच लक्षात आलं की ही उंची फार आहे. बंपर दाबला तर दगड. भाच्याला वाटलं, भट्टीवाल्याने पाटे कडक केले.

चूक माझी होती. रबर बुशचे बोल्ट मी चाकं हवेत असतानाच पूर्ण आवळून टाकले होते. रबर बुश फिरत नाही, पिळतो. त्याच्या आतली नळी आवळल्यावर जागीच धरली जाते आणि पाटा हलला की रबर पीळ खातं. पाटे लोंबत असताना आवळले तर ती लोंबती अवस्था रबराची विश्रांतीची जागा होते, आणि गाडी चाकांवर आली की सगळे बुश तिला सतत वर ढकलत राहतात. महिन्या-दोन महिन्यांत रबर फाटतं.

गाडी चाकांवर असतानाच, खाली सरपटत जाऊन, पुढचे दोन बोल्ट आणि शॅकलचे नट सैल केले. दुसरा नट अर्धा फेरा फिरला आणि गाडी "हुश्श" करून बसली. तो आवाज पोटात ऐकू आला. मागे दोघांना बसवलं, गाडी चार-पाचदा दाबली, दोघांना उतरवलं आणि तशीच चाकांवर ठेवून सगळं पुस्तकातल्या टॉर्कने, म्हणजे नेमून दिलेल्या जोराने, आवळलं. उजवं ३४७, डावं ३४६.

७ जून, शनिवार

पुढचं काम घरी केलं नाही. कॉइल स्प्रिंग दाबून काढताना काहीशे किलोंचा जोर तारेत कोंडलेला असतो. साधे दोन हुक घेऊन पार्किंगमध्ये ते करणारे आहेत, मी करणार नाही. भांडुपच्या मेस्त्रींकडे स्प्रिंग दाबून धरणारा नीट कॉम्प्रेसर आहे आणि त्यांनी या गाड्या आयुष्यभर खोलल्या आहेत. मी शेजारी उभी राहून बघितलं. जुन्या दोन स्प्रिंगांच्या मोकळ्या उंचीत ९ मिमीचा फरक. वरच्या रबरी बैठका चपट्या होऊन कागदासारख्या झालेल्या, त्याही बदलल्या. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनला ग्रीस भरलं. व्हील अलाइनमेंट केलं, कारण पुढची उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात.

पुढचं डावं ३५३, उजवं ३५१. मेस्त्रींनी त्यावर खडूने एक टिकली काढली.

१५ जून, रविवार

मामा मागे, उशी पाठीला, मी चालवतेय. पूर्व द्रुतगती महामार्गाने घाटकोपरपर्यंत, मग आत वळून कुर्ला. उड्डाणपुलाच्या प्रत्येक सांध्याला मी आरशात त्याच्याकडे बघत होते. पहिल्या तीन-चारला त्याने पुढच्या सीटची पाठ धरून ठेवली. मग हात मांडीवर आला. विक्रोळीच्या पुढे एक खोल खड्डा पाण्याखाली होता, तो चुकला नाही. चाक एकदा गेलं, गाडी एकदा बसली, संपलं.

कुर्ल्याला त्याने जुन्या कारखान्याच्या जागेजवळ गाडी थांबवायला सांगितली. आता तिथे कोहिनूर सिटी आहे. खिडकीतून बघत म्हणाला, "इथे गेट होतं. पाळी सुटायची तेव्हा सायकलीच सायकली." मग, गाडी सुरू केल्यावर, "तो जादा पाटा कुठे आहे गं? टाकू नकोस. माझ्याकडे दे." दिला. आता तो त्याच्या खिडकीत, कुंड्यांच्या मागे उभा आहे.

परत आल्यावर चारही शॉकअपना हात लावला. चारही गरम, आणि मागचे दोन सारखेच गरम.

२९ जून, रविवार

५०० किलोमीटर झाले. यू-बोल्ट पुन्हा आवळले. आठपैकी पाच नट पाव फेऱ्याच्या आसपास फिरले. नवे पाटे एकमेकांवर बसतात तेव्हा हे होतंच, म्हणून ही फेरी चुकवायची नाही. मागचं उजवं ३४३, डावं ३४२. चार मिलिमीटर बसले, दोन्हीकडे सारखेच. बुशचं रबर टॉर्चने पाहिलं, फाटलेलं नाही.

पुढे डावीकडून रिव्हर्स घेताना एक बारीक चिरका आवाज येतो. किंगपिनचा नाही, ग्रीस आहे. वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे अँटी-रोल बारच्या, रबरांचा असावा, ती बदलायची आहेत. मागच्या उजव्या टायरवर मेलेल्या शॉकअपमुळे पडलेली दातेरी झीज तशीच आहे, तो टायर काढून स्टेपनीला टाकला.

पुढची मोजणी ऑक्टोबरात, पाऊस गेल्यावर, त्याच पट्ट्यावर. स्टँडच्या फळ्या गाडीच्या डिकीत ठेवल्या आहेत.